पडद्यामागची तालीम

चित्रपटसृष्टी हा शब्द मराठीत इतक्या सहजपणे वापरला जातो, की ही सृष्टी कोणीतरी वसवावी लागते, तिला रोजचे दाणापाणी लागते आणि ते तुटले की ती उजाडते, याचा विसर पडतो. एखाद्या प्रदेशात चित्रपट होणे वेगळे आणि त्या प्रदेशात चित्रपटाचा धंदा असणे वेगळे. मुंबईहून कॅमेरा, कलाकार आणि जनरेटरच्या गाड्या एखाद्या गावात उतरल्या, महिनाभर चित्रीकरण झाले आणि गाड्या परतल्या, तर त्या गावात चित्रपट झाला एवढेच म्हणता येते. वाईजवळच्या मेणवलीचा घाट 'स्वदेस'मुळे देशभर ओळखीचा झाला, तरी वाईत चित्रपटधंदा आहे असे कोणी म्हणत नाही. दिवे लावणारा, आवाज पकडणारा, वेशभूषेच्या ट्रंका सांभाळणारा आणि हिशेब लिहिणारा माणूस त्याच पंचक्रोशीत शिकतो, एक काम संपले की तिथेच त्याला दुसरे मिळते आणि त्याच्या हाताखाली तिसरा तयार होतो, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला असे मानावे लागते. महाराष्ट्रात हे एकदा करून दाखवलेले, मग गमावलेले आणि आता पुन्हा जुळवू पाहणारे शहर म्हणजे कोल्हापूर.

वस्ताद आणि पठ्ठे

कोल्हापुरात तालीम या शब्दाला नाटकाच्या सरावापेक्षा आखाड्याचा वास अधिक आहे. पेठेपेठेतल्या तालमीत वस्ताद असतो, त्याचे पठ्ठे असतात, आणि डाव शिकवण्याआधी पठ्ठ्याला माती खणायला लावण्याची रीत असते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या शहरात जी चित्रपट कंपनी निघाली, तिचे कामकाज कारखान्यापेक्षा अशा तालमीशी अधिक मिळतेजुळते होते, आणि तिच्या यशाचे निम्मे स्पष्टीकरण तिथेच सापडते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री म्हणजेच बाबूराव पेंटर हे कारागिरांच्या घरातले; आतेमामे भाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत असत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील 'राजा हरिश्चंद्र'नंतर दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला, परंतु १९१६ मध्ये आनंदराव गेले आणि पुढचे काम बाबूरावांनी शिष्यांना हाताशी धरून रेटले. १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली, तिला गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे बळ दिले आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. या कंपनीने कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला, ही गोष्ट आज केवळ अभिमानाने सांगितली जाते. ती शिक्षणाच्या अंगाने पाहिली तर अधिक बोलकी ठरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटावर सोळा चौकटी येतात आणि प्रत्येक चौकटीच्या कडेला चार छिद्रे असतात. कॅमेऱ्यातील नखासारखा पंजा त्या छिद्रांत अडकून फिल्म एका चौकटीइतकी खाली ओढतो, ती क्षणभर निश्चल राहते, तेवढ्यात झडप उघडून मिटते आणि पंजा पुढच्या छिद्राकडे वळतो. हे सेकंदाला सोळा वेळा घडावे लागते आणि त्यात केसभर चूक झाली तरी पडद्यावरचे चित्र थरथरू लागते. हे यंत्र कानशीने घासून जुळवताना बाबूरावांच्या जोडीला विष्णुपंत दामले होते. ज्याने पंजा स्वतः जुळवला आहे, त्याला चित्र का थरथरते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पेंटरांच्या कंपनीत कामाची वाटणी जवळजवळ नव्हतीच. १९२० मध्ये तिथे आलेला शांताराम वणकुद्रे हा तरुण पडेल ते काम करत शिकला आणि पुढच्याच वर्षी 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण म्हणून पडद्यावर आला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तो कर्जात बुडालेल्या शेतकरी घरातला तरुण झाला. या काळात त्याने रसायनांच्या खोलीपासून संकलनाच्या मेजापर्यंत सगळे पाहून घेतले. बाबूराव कसलेल्या चित्रकाराप्रमाणे प्रसंगांची आणि वेशभूषेची रेखाचित्रे आधी काढत, रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी घनाकृती नेपथ्य उभारत, आणि ते उभारणारे हात त्यांच्या शिष्यांचे असत. पुढे दिग्दर्शक म्हणून नाव मिळवणाऱ्या या शिष्यांना प्रकाश कुठून येतो आणि भिंतीवर सावली कुठे पडते याचे ज्ञान पुस्तकातून मिळाले नव्हते.

तालमीच्या या पद्धतीला एक दुसरी बाजूही आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालत नाही. वस्तादाचा शब्द अखेरचा असतो, श्रेय त्याच्या नावावर जमा होते आणि पठ्ठा मोठा झाला की त्याला स्वतःचा आखाडा काढण्यावाचून गत्यंतर नसते. कोल्हापुरात नेमके हेच झाले.

एका अंगणातून निघालेल्या वाटा

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफी पेढीचे सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पाचांपैकी चौघे पेंटरांच्या तालमीतले होते आणि पाचवा पैशाचा जाणकार होता. चित्रपटधंद्याच्या अर्थशास्त्राचा अख्खा धडा या मांडणीत आहे. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातने कोल्हापुरातच केला आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. तिथे कलाकारापासून सुतारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर एकाच आवारात राबत. १९३६ च्या 'संत तुकाराम'चे दिग्दर्शन करणाऱ्या दामले आणि फत्तेलाल यांपैकी एकाचा पिंड ध्वनीचा आणि यंत्रांचा, दुसऱ्याचा कलादिग्दर्शनाचा होता. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातील उत्तम तीन चित्रपटांत गणला गेलेला हा चित्रपट तंत्रज्ञांनी केलेला होता, याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

सलग काम आणि एकाच आवारातला सहवास यांतून जे निर्माण होते, त्याला आज नेटवर्किंग असे नाव आहे आणि त्यासाठी गळ्यात ओळखपत्र अडकवून संमेलनांना जावे लागते. प्रभातच्या आवारात त्यासाठी धोबी पुरेसा ठरला. १९४० च्या दशकाच्या मध्यावर नृत्यदिग्दर्शनासाठी आलेला गुरुदत्त आणि 'हम एक हैं'मधून पदार्पण करणारा देव आनंद यांच्या शर्टांची धोब्याकडून अदलाबदल झाली, ओळख झाली आणि जो आधी पुढे जाईल त्याने दुसऱ्याला संधी द्यायची असे दोघांनी ठरवले, ही हकिकत देव आनंद यांनी वारंवार सांगितली आहे. १९५१ मध्ये देव आनंद यांच्या नवकेतनसाठी गुरुदत्त यांनी 'बाजी' दिग्दर्शित केला. तपशिलात थोडे तिखटमीठ असेलही. पण दोन नवख्यांना रोज एकमेकांसमोर आणणारी जागा नसती, तर तिखटमीठ लावायलाही काही उरले नसते.

प्रभात गेल्यानंतरही कोल्हापूर लगेच ओस पडले नाही. १९३३ मध्ये संस्थानच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन निघाली, मास्टर विनायक आणि मंडळींनी हंस पिक्चर्स चालवली, भालजी पेंढारकर यांनी जयप्रभा स्टुडिओ सांभाळला. गांधीहत्येनंतर जानेवारी १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा भस्मसात झाला. भालजींनी तो पुन्हा उभारला आणि १९६९ च्या 'तांबडी माती'तून दादा कोंडके यांना पडद्यावर आणण्याइतकी धग त्यानंतरही टिकवली. तथापि संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय संपला होता, भांडवल आणि प्रयोगशाळा मुंबईत एकवटल्या होत्या आणि पगारी स्टुडिओची जागा एकेका चित्रपटापुरत्या करारांनी घेतली होती. करारावरचा माणूस शिष्य ठेवत नाही, कारण शिष्याला पोसणारा पगार त्याच्याकडे नसतो. तालमी बंद पडल्या त्या अशा. २०२२ मध्ये जयप्रभाच्या जागेच्या विक्रीची बातमी आली तेव्हा शहर रस्त्यावर उतरले. वास्तूवरचे प्रेम त्यात खरेच होते, पण त्या वास्तूत शिकलेल्यांची साखळी तोवर बऱ्याच ठिकाणी तुटली होती.

माळावरचा पाटलाचा वाडा

मोरेवाडीच्या माळावरची कोल्हापूर चित्रनगरी ही शासनाच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या अखत्यारीतली. आधी इमारत बांधावी म्हणजे माणसे आपोआप येतील, ही सार्वजनिक बांधकामाची श्रद्धा तिच्या पहिल्या काही दशकांनी पुरती खोटी ठरवली. माळावर गवत वाढत राहिले. गेल्या दशकभरात तिला जाग आली, आणि तिला जागवण्यात चित्रपटांइतकाच, कदाचित त्यांहून मोठा, वाटा दूरचित्रवाणी मालिकांचा आहे. 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेने जवळच्या वसगड्यातला वाडा घराघरांत पोहोचवला, तर 'दख्खनचा राजा जोतिबा' चित्रनगरीत उभी राहिली. रसिकांना मालिकांचे नाव काढताच नाक मुरडण्याची सवय आहे. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र मालिकेचा आदर करावा लागतो, कारण तिने स्टुडिओ युगातली एक गोष्ट परत आणली, ती म्हणजे रोजचे काम.

आठवड्याचे सहा दिवस अर्ध्या तासाचा भाग दाखवायचा, तर जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा मजकूर रोज लागतो. चित्रपटाच्या चित्रीकरणात दिवसाकाठी दोन-तीन मिनिटे हाती लागली तरी दिवस सत्कारणी लागला असे मानतात. मालिकेला ती चैन परवडत नाही. म्हणून भागांची 'बँक' ठेवतात, म्हणजे प्रक्षेपणाच्या पुढे काही भाग तयार असतात, आणि ती आटू लागली की दोन युनिटे समांतर चालवावी लागतात. वर्ष-दोन वर्षे चालणाऱ्या अशा कामात स्थानिक मुलगा आधी स्पॉटदादाच्या हाताखाली चहाची किटली फिरवतो, मग लाईटदादांबरोबर थर्मोकोल धरायला उभा राहतो. थर्मोकोल म्हणजे पांढऱ्या फोमचा साधा तक्ता, ज्यावरून परतवलेला प्रकाश चेहऱ्यावरची कडक सावली मऊ करतो. तो किती तिरका धरायचा हे छायालेखक तोंडाने सांगत नाही, हाताच्या इशाऱ्याने सांगतो, आणि सहा महिन्यांनी इशाऱ्याचीही गरज उरत नाही.

चित्रनगरीत उभारलेला वाडा समोरून दगडी दिसतो आणि मागे गेले की लाकडी पट्ट्यांना ठोकलेले प्लायवूड, प्लास्टर आणि रंग उघडे पडतात. या मागच्या बाजूवर शहराची जुनी कमाई अजून शाबूत आहे: सुतार, रंगारी, मूर्तिकार, कलाशाळांतून शिकून आलेली मुले. पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांपासून हा धागा अखंड आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दगडाचा पोत रंगवून देणारा माणूस इथे शोधावा लागत नाही हेही तितकेच खरे. त्याच्या जोडीला बैलगाडी भाड्याने देणारा, दीडशे माणसांचे जेवण वेळेवर पोहोचवणारा, जुनी भांडी पुरवणारा आणि जमावाच्या प्रसंगासाठी शेजारच्या गावातून माणसे गोळा करणारा समन्वयक हे सगळे आले, आणि यांपैकी कोणालाही प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागत नाही.

पेल्यातला चहा

कोणते काम पाहून शिकता येते आणि कोणते शिकवावे लागते, हे समजण्यासाठी कंटिन्युइटी म्हणजे दृश्यसातत्य सांभाळणाऱ्या सहायकाकडे पाहावे. एक साधा प्रसंग घ्यावा: सासू चहा पिते, सून दारातून आत येते, दोघींत चार वाक्यांची बोलाचाली होते. आधी सगळा प्रसंग दुरून, सलग टिपतात, त्याला मास्टर म्हणतात. मग कॅमेरा आणि दिवे हलवून सासूच्या चेहऱ्याचे आणि नंतर सुनेच्या चेहऱ्याचे जवळचे तुकडे घेतात. मास्टर आणि शेवटचा तुकडा यांत दोन-तीन तास आणि एक जेवणाची सुटी जाते, पडद्यावर मात्र ते एकमेकांना चिकटून येतात. मास्टरमध्ये सासूने 'घर' या शब्दावर कप बशीत ठेवला असेल, तर जवळच्या तुकड्यातही त्याच शब्दावर ठेवायला हवा. कपात चहा निम्मा हवा, सुनेचा पदर उजव्या खांद्यावर हवा, ओल्या केसांची बट तिथेच हवी. सहायक हे सारे टिपून ठेवतो. पूर्वी वहीत लिहीत, आता मोबाइलवर छायाचित्र काढतात. छायाचित्रात पेल्यातला चहा दिसतो, कोणत्या शब्दावर हात हलला ते दिसत नाही, म्हणून जुने सहायक नव्यांना अजूनही वही ठेवायला लावतात.

नजर, शिस्त आणि स्मरण यांचा हा भाग सेटवर उत्तम शिकला जातो. हे सगळे का करायचे, म्हणजे दोन तुकडे जोडताना प्रेक्षकाची नजर कुठे असते, कोणती चूक खपून जाते आणि कोणती खटकते, हा विचार मात्र संकलनाच्या खोलीत आणि चित्रपट पाहण्याच्या सवयीत घडतो. त्यासाठी शाळा लागते. प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आले, तेव्हा महाराष्ट्राच्या पदरात हे दान आयते पडले. परंतु प्रवेशाची दारे देशभरासाठी आणि जागा मोजक्या, त्यामुळे करवीर किंवा करमाळ्याच्या मुलाला ती शाळा दीर्घकाळ दूरचीच राहिली.

या दूरपणावर उतारा सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यासक्रमात शिकताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' आले. जिल्ह्याच्या गावातले साधे महाविद्यालय, उसना कॅमेरा आणि ज्यांना कोणी कलाकार म्हणून पाहिले नव्हते अशी मुले, एवढ्या सामग्रीवर मराठी पडद्याचा चेहरा बदलला. 'सैराट'चे वाद्यवृंदाचे संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केले, यात विनोद शोधता येतो. पण करमाळ्याची गोष्ट सांगणाऱ्याने तिथवर हात पोहोचवला, यात आत्मविश्वासही आहे.

ओळख आणि कार्ड

धंद्यात काम ओळखीने मिळते, हे वाक्य तक्रारीच्या सुरात उच्चारले जाते, पण ओळख म्हणजे केवळ वशिला नव्हे. पहाटे साडेपाचच्या कॉलटाइमला जो माणूस साडेपाचला हजर असतो, त्याचे नाव पुढच्या कामासाठी घेतले जाते. काही लाखांचे सामान दिवसभर हाताळायचे असते तेव्हा निर्माता अर्ज वाचत बसत नाही, विश्वासातल्या माणसाला विचारतो. कोल्हापुरातली पहिली साखळीही नात्यागोत्याची होती. पेंढारकर बंधू, विनायक आणि शांताराम हे एकमेकांचे नातलग होते. अशा साखळीचा वेग मोठा आणि तिचा परीघ लहान असतो, म्हणजे ज्याचा कोणी मामा-काका आत नाही तो बाहेरच राहतो.

साखळीचे नियमांत रूपांतर झाले की परीघ अधिकच आवळतो. मुंबईच्या चित्रपट व्यवसायात प्रत्येक विभागाच्या कामगारांची संघटना असते आणि तिच्या सदस्यत्वाला बोलीभाषेत 'कार्ड' म्हणतात. रंगभूषाकारांच्या एका संघटनेत स्त्रियांना केशभूषेचे कार्ड मिळे, रंगभूषेचे नाही, आणि महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अटही होती. २०१४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही बेकायदा ठरवले तेव्हा भारतीय बोलपट ऐंशी वर्षांचा झाला होता. हेअरताई आणि मेकअपदादा ही सेटवरची संबोधने त्या जुन्या वाटणीची खूण म्हणून अजून टिकून आहेत. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्य कार्यालय कोल्हापुरात आहे, चित्रपटाच्या नावाची नोंदणी आणि सभासदत्व ही त्याची जुनी कामे. शिकाऊ उमेदवारांची नोंद आणि त्यांना काम मिळवून देणारी यंत्रणा ही त्याच्या कक्षेत सहज बसणारी नवी कामे ठरू शकतील.

नात्याबाहेरची ओळख कशी घडवतात याचा नमुना गोव्यात पाहायला मिळतो. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि २००७ पासून त्याच सुमारास राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार भरतो. बाजार हे नाव अगदी नेमके आहे. अपुऱ्या चित्रपटाचा कच्चा जोड जाणत्या संकलकांना आणि महोत्सव निवडणाऱ्यांना दाखवून त्यांची मते घेण्याची सोय तिथे असते, त्याला वर्क-इन-प्रोग्रेस लॅब म्हणतात. सहनिर्मितीच्या दालनात दिग्दर्शक आणि निर्माता लहान टेबलाशी बसून, ठरावीक मिनिटांत, आपली गोष्ट आणि अंदाजपत्रक देशोदेशींच्या गुंतवणूकदारांसमोर मांडतात. घंटा वाजली की पुढचे टेबल. तिथे टिकण्यासाठी गोष्ट चार वाक्यांत सांगता यावी लागते, हक्कांचे कागद चोख असावे लागतात आणि इंग्रजीची भीती मोडावी लागते. मराठी दिग्दर्शक बहुधा पहिल्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या बाबतीत अडखळतात, म्हणून या विषयांना छायालेखनाइतके महत्त्व देणारे वर्ग गरजेचे आहेत.

जुनी वस्तादी नव्या रूपात कशी येते, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या उदाहरणावरून दिसते. 'कोर्ट'नंतर त्यांना एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन योजनेतून आल्फोन्सो कुआरॉन हे गुरू मिळाले, मेक्सिकोत 'रोमा'चे चित्रीकरण जवळून पाहता आले आणि पुढे 'द डिसायपल' या त्यांच्या मराठी चित्रपटाला २०२० मध्ये व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. गुरूच्या शेजारी उभे राहून पाहणे हीच त्या योजनेची मुख्य सामग्री होती. पेंटरांच्या कंपनीत ती विनामूल्य होती.

या सगळ्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मालेगाव आहे. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' केला, तेव्हा शाळा, अनुदान, कार्ड आणि बाजार यांपैकी काहीच हाताशी नव्हते. सायकल आणि बैलगाडी यांनी कॅमेरा हलवण्याची कामे केली आणि मागावर राबणारे हात सुटीच्या दिवशी कलाकार झाले. साखळी घट्ट होती, प्रेक्षक घरचा होता. तिथला उत्साह २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने आणि पुढे हिंदी चित्रपटाने जगभर नेला, परंतु ती दोन्ही कामे गावाबाहेरच्या माणसांनी केली.

रात्रीची गाडी

कोल्हापूरच्या आजच्या अडचणीचे मूळ कॅमेरा बंद झाल्यानंतरच्या कामांत आहे. पॅकअप झाले की दिवसभराचे चित्रण दोन-तीन प्रतींत उतरवतात, मोजून पाहतात, आणि त्यातली एक हार्ड डिस्क अनेकदा रात्रीच्या गाडीने मुंबईला निघते, कारण संकलन, ध्वनिसंयोजन, रंगसंस्करण आणि वाहिनीच्या अधिकाऱ्यांची संमती हे सगळे तिथे असते. प्रेक्षकाला दिसणाऱ्या चित्रपटाचा निम्मा घाट याच कामांत घडतो आणि त्यातला जास्त मोबदलाही तिथेच वाटला जातो. संगणकाच्या युगात ही कामे कुठेही होऊ शकतात, हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण संकलकाशेजारी बसून मत देणारा माणूस मुंबईत राहतो तोवर संकलकही मुंबईतच राहतो. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे राज्यातले चित्रीकरण थांबले तेव्हा मालिकांची युनिटे चार दिवसांत गोव्याला हलली, संकलनाच्या खोल्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. धंद्याचा कोणता भाग पाहुणा आणि कोणता घरचा, हे त्या आठवड्यात स्पष्ट दिसले.

यातून शिक्षणाचे जे नुकसान होते, ते पैशाच्या नुकसानीहून कमी बोलले जाते. पेंटरांच्या कंपनीत दिवसा थर्मोकोलसारखाच आरसा धरणारा पोरगा रात्री रसायनात धुतलेली फिल्म उजेडात धरून पाहू शकत असे. आपण धरलेल्या उजेडाचे चित्रात काय झाले, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळत असे आणि तिसऱ्या दिवशी तो आरसा थोडा वेगळा धरत असे. मोरेवाडीच्या सेटवर वही सांभाळणाऱ्या सहायकाने टिपलेल्या चाळीस तुकड्यांतले कोणते कापले गेले, कप ठेवण्याची त्याच्या लक्षात आलेली चूक संकलकाने कशी झाकली आणि सुनेचा चेहरा अखेर कुठे वापरला, हे त्याला कोणी दाखवत नाही; तीन आठवड्यांनी संध्याकाळी घरी टीव्हीसमोर बसल्यावर, तेही त्या दिवशी लवकर पॅकअप झाले असेल तर, त्याला ते कळते.